प्रभाग चौघांचा, कौल एकाचा

नवी मुंबई महानगरपालिकेत पाच वर्षे आठ महिने लोकांनी निवडलेले सभागृह नव्हते. मे २०२० मध्ये मुदत संपली, प्रशासक आला, आणि थेट १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. इतक्या दीर्घ प्रतीक्षेनंतर मतदाराच्या हाती जी मतदानपद्धती देण्यात आली, तिच्याविषयी आपल्या वर्तुळात जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. उमेदवारी कोणाला मिळाली, कोण कोणत्या पक्षातून कोणत्या पक्षात गेला, युती का मोडली, यावर रकानेच्या रकाने भरले. परंतु ज्या यंत्रातून मतांचे धान्य दळून जागांचे पीठ निघते, त्या जात्याकडे कोणी पाहिले नाही. पीठ कोणाच्या पदरात पडावे हे जात्याची घडणच ठरवीत असेल, तर केवळ धान्यावर भांडण्यात काय हशील?

२०१५ साली या शहराने १११ एकसदस्यीय प्रभागांतून १११ नगरसेवक निवडले होते. २०२६ मध्ये नगरसेवक तेवढेच राहिले, प्रभाग मात्र २८ झाले. त्यांपैकी २७ प्रभाग चार सदस्यांचे व एक तिघांचा. प्रत्येक प्रभागात अ, ब, क, ड असे गट. प्रत्येक गटात एक जागा. मतदाराला प्रत्येक गटासाठी एक मत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ११ लाख २० हजारांच्या घरात होती. त्या जुन्या आकड्यानेही चार सदस्यांच्या एका प्रभागात सरासरी ४० हजार माणसे येतात. आज ती त्याहून कितीतरी अधिक आहेत.

बहुसदस्यीय मतदारसंघ म्हटले की राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रमाणशीर प्रतिनिधित्व आठवते. ते स्वाभाविकच आहे. स्पेनमध्ये प्रांत हा संसदीय मतदारसंघ असतो आणि त्या प्रांताच्या वाट्याच्या जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. श्रीलंकेत जिल्हा हा मतदारसंघ असतो. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून नगर परिषदांचे प्रभाग मुख्यतः तीन किंवा चार सदस्यांचे आहेत, म्हणजे आकाराने नेमके आपल्यासारखे. एका मतदारसंघात अनेक जागा ठेवण्याचे सयुक्तिक कारण एकच असू शकते. ते म्हणजे तेथील बहुसंख्याकाला त्याचा वाटा मिळावा आणि अल्पसंख्याकालाही त्याचा. आपल्या राज्यकर्त्यांनी भांडे तेच आणले, परंतु त्यातील पदार्थ बदलला. प्रभाग अनेकांचा केला आणि प्रत्येक जागेचा निकाल मात्र ‘ज्याला सर्वाधिक मते तो विजयी’ या जुन्याच नियमावर सोडला. परिणामी बहुसदस्यीय प्रभाग हा प्रमाणशीरपणाचे साधन न होता, नेमके त्याच्या उलट, मक्तेदारीचे साधन झाला.

हे गणित कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. उदाहरणादाखल असा प्रभाग घ्या की ज्यात २० हजार मतदार मतदान करतात. पहिल्या पक्षामागे ९,००० मतदार आहेत, दुसऱ्यामागे ६,०००, तिसऱ्यामागे ४,५०० आणि ५०० इतरांकडे. मतदार आपापल्या चिन्हाशी एकनिष्ठ राहिले तर आजच्या पद्धतीत अ गटात पहिला पक्ष जिंकेल, ब गटात तोच, क गटात तोच आणि ड गटातही तोच. ४५ टक्के मतांत शंभर टक्के जागा! उरलेले ११ हजार मतदार, म्हणजे प्रभागातील बहुसंख्य माणसे, पाच वर्षे प्रतिनिधीवाचून राहतील. एकसदस्यीय प्रभाग असते तर या चार भागांपैकी एखाद्यात, जेथे माथाडी कामगारांची वस्ती दाट आहे किंवा जुने गावठाण आहे, तेथे दुसऱ्या वा तिसऱ्या पक्षाला एखादी जागा मिळण्याचा संभव होता. चार भाग एकत्र शिवून टाकले की ती वस्ती मोठ्या गठ्ठ्यात विरघळते.

जानेवारीच्या निकालात हेच घडले असे म्हणण्यास भरपूर आधार आहे. भारतीय जनता पक्ष आणि एकनाथ शिंदे यांची शिवसेना हे राज्यातील सत्तेचे भागीदार नवी मुंबईत परस्परांविरुद्ध लढले आणि १११ पैकी शंभराहून अधिक जागा या दोघांनीच वाटून घेतल्या. बाकी साऱ्या पक्षांना मिळून बोटांवर मोजण्याइतक्या जागा आल्या. दिघा, तुर्भे येथील झोपडपट्ट्यांपासून बेलापूरच्या कोळीवाड्यापर्यंत पसरलेल्या या शहरात दोनच मते नांदतात, असे कोणी सांगितले तर ते आपण मान्य करू काय?

बिनविरोध निवडीचा प्रकारही याच घडणीतून पुष्ट झाला. याच वेळी झालेल्या राज्यातील महापालिका निवडणुकांत साठाहून अधिक उमेदवार मतदानापूर्वीच विजयी घोषित झाले. त्यामागे पैसा होता, दमदाटी होती, असे आरोप झाले. त्यांची शहानिशा व्हावयास हवी. परंतु यंत्रणेचा भागही विसरू नये. प्रत्येक गटाची लढत स्वतंत्र असल्याने एका गटातील दोनतीन अर्ज मागे घ्यावयास लावले की ती जागा खिशात पडते. चारही जागांसाठी सर्व उमेदवार एकाच यादीत उभे असतील, तर प्रभाग बिनविरोध करावयास चार सोडून बाकी सर्वांना बसवावे लागेल. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जुन्या पद्धतीच्या निवडणुकीत ६१ प्रभाग बिनविरोध गेले होते. पद्धत बदलल्यावर २००७ मध्ये एकही गेला नाही.

मग दोष बहुसदस्यीय प्रभागाचा आहे, एकसदस्यीयाकडे परत चला, असे आपल्यापैकी अनेक जण म्हणतात. महाराष्ट्रातील पक्षांनी हा झोका पुष्कळ वेळा घेतला आहे. २००२ मध्ये तीन सदस्य, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. पुढे महाविकास आघाडीच्या काळात आधी एक आणि मग तीन. आणि पुन्हा चार. मुंबईत मात्र एकच. ज्याच्या हाती सत्ता त्याने आपल्या सोयीची संख्या निवडावी, हा या राज्याचा अलिखित नियम होऊन बसला आहे, आणि त्यात डावे-उजवे करण्याजोगे फार थोडे आहे. पण एकसदस्यीय पद्धत तरी न्याय देते काय? २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बेलापूर मतदारसंघाचा निकाल अवघ्या ३७७ मतांनी लागला. पराभूत उमेदवारालाही ९१ हजारांवर मते होती. त्या ९१ हजारांचे आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या उमेदवारांना मते देणाऱ्या हजारोंचे विधानसभेत कोणीही नाही. चार प्रतिनिधींचा अन्याय टाळण्यासाठी एका प्रतिनिधीच्या अन्यायाकडे जाणे हा उपाय नव्हे. प्रभागात किती जागा, हा प्रश्न गौण आहे. मत कसे मोजावे, हा मूळ प्रश्न आहे.

आणि येथे राज्यकर्त्यांचे ढोंग उघडे पडते. प्रमाणशीर प्रतिनिधित्व भारतीयांना झेपणार नाही असे सांगणारे हेच लोक स्वतःसाठी ते केव्हाचे वापरीत आहेत. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार एकल संक्रमणीय मताने मतदान करतात. संविधानाच्या ८० व्या कलमात तसे लिहिले आहे. विधान परिषदेसाठी १७१ व्या कलमात तेच आहे. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहा जागांसाठी सात उमेदवार उभे राहिले, तेव्हा ४१ मतांचा कोटा, दुसऱ्या पसंतीची मते, त्यांचे हस्तांतरण हे शब्द गावोगावच्या चहाच्या टपरीवर पोचले होते. खुद्द महापालिकेत स्थायी समितीवर आणि स्वीकृत सदस्यांच्या जागांवर पक्षांची माणसे त्यांच्या तौलनिक संख्याबळानुसार जातात. म्हणजे सभागृहात पाऊल टाकल्यावर प्रत्येक पक्षाला त्याच्या प्रमाणात वाटा. सभागृहाच्या दाराशी मात्र मतदाराला प्रमाण नाकारलेले! कंपनी कायदा पाहा. १९५६ च्या कायद्याच्या २६५ व्या कलमाने आणि आता २०१३ च्या कायद्याच्या १६३ व्या कलमाने कंपनीला मुभा दिली आहे की तिने आपल्या संचालकांपैकी किमान दोनतृतीयांश प्रमाणशीर पद्धतीने, एकल संक्रमणीय मताने किंवा संचयी मतदानाने निवडावेत. अल्पसंख्य भागधारक भरडला जाऊ नये म्हणून ही सोय. भांडवलाच्या अल्पमताची कायद्याला एवढी काळजी, आणि तुर्भ्याच्या खाणकामगाराच्या अल्पमताची मुळीच नाही, ही गोष्ट समाजवाद्याने शांतपणे ऐकून घेण्यासारखी नाही.

प्रमाणशीर मतदान ही परदेशी कल्पना आहे, हा आक्षेपही इतिहासाच्या अज्ञानातून येतो. १९३७ मध्ये मुंबई प्रांतिक विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा अनेक मतदारसंघ बहुसदस्यीय होते आणि मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत. ती सारी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याचा त्याला हक्क होता. यालाच संचयी मतदान म्हणतात. ते अगदी काटेकोर प्रमाणशीर नव्हे. परंतु संघटित अल्पसंख्याकाला किमान एक जागा मिळवून देण्याची क्षमता त्यात असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर भायखळा-परळ या मुंबई शहराच्या मतदारसंघातून याच पद्धतीने निवडून आले आणि आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सतरापैकी बहुसंख्य उमेदवार विजयी झाले. मूठभर आमदार होते, पण सभागृहात होते. म्हणूनच सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेपुढे येऊ शकले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला तेव्हा त्याला आत बसलेला आवाज मिळाला.

पंधरा वर्षांनी, १९५२ मध्ये, त्याच मुंबईत काय झाले तेही पाहावे. उत्तर मुंबई हा लोकसभेचा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एक जागा राखीव, एक सर्वसाधारण. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता परस्परांच्या साथीने लढले आणि दोघेही पडले. बाबासाहेबांचा पराभव नारायणराव काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी झाला. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. तसे केल्यास जादा मत बाद. सुमारे ७४ हजार मते बाद ठरल्याची तक्रार बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक याचिकेत केली होती. पराभवाची कारणे अनेक होती, काँग्रेसची लाट होती, हे खरेच. परंतु १९३७ मध्ये जी कृती मतदाराचा हक्क होती तीच १९५२ मध्ये मत बाद होण्याचे कारण ठरली, हे विसरता येत नाही. आजचा चारसदस्यीय प्रभाग १९३७ चा वारस नाही, १९५२ चा आहे.

त्याच १९५२ च्या निवडणुकीत देशभरात समाजवादी पक्षाला साडेदहा टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि ४८९ पैकी जागा अवघ्या १२. प्रमाणाने पाहता त्या पन्नासाच्या आसपास असावयास हव्या होत्या. कम्युनिस्ट पक्षाला सव्वातीन टक्के मतांत १६ जागा मिळाल्या, कारण त्याची मते ठराविक प्रदेशांत एकवटलेली होती. काँग्रेसला ४५ टक्के मतांत ३६४. पक्ष बदलतात, जाते तेच राहते. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागांचे बहुमत मिळाले आणि चार टक्क्यांहून अधिक मते मिळवूनही बहुजन समाज पक्षाला भोपळा फोडता आला नाही. ‘लोकांनी तुम्हाला नाकारले’ असे आपल्याला गेली सत्तर वर्षे ऐकविले जाते. लोकांनी किती नाकारले आणि पद्धतीने किती, याचा हिशेब मांडण्याची वेळ कधी तरी यावयास हवी.

प्रामाणिक वादात प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे आधी घ्यावे. ते खुद्द बाबासाहेबांचेच आहे. ४ जानेवारी १९४९ रोजी घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर पद्धतीची मागणी केली, तेव्हा बाबासाहेबांनी तिला विरोध केला. त्यांचे मुद्दे मुख्यतः दोन होते. एक, या पद्धतीला मतदार साक्षर असावा लागतो आणि आपला देश निरक्षर आहे. दुसरा, तिने कायदेमंडळाचे तुकडे पडतात आणि संसदीय शासनाला लागणारे स्थैर्य राहत नाही. १९४९ मध्ये हे दोन्ही मुद्दे वजनदार होते. लोकसभेपुरता दुसरा मुद्दा आजही विचारात घ्यावा लागतो, आणि त्याची चर्चा स्वतंत्रपणे करता येईल.

परंतु महापालिकेला यांतील कोणता मुद्दा लागू पडतो? महाराष्ट्रात महापालिकेचा कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतो. आयुक्त राज्य सरकार नेमते. महापौर अडीच वर्षांसाठी निवडला जातो. तो मंत्रिमंडळ बनवीत नाही. सभागृहाची मुदत पाच वर्षे. म्हणजे पाडावे असे सरकारच येथे नाही, तर अस्थैर्य कशाचे? उलट, जेथे अधिकार आयुक्ताच्या हाती एकवटला आहे, तेथे सभागृहाचे खरे काम प्रश्न विचारणे, अंदाजपत्रक तपासणे, निविदांवर बोट ठेवणे हेच आहे. त्यासाठी एकजिनसी बहुमत नको. अनेक आवाज हवेत. राहिला साक्षरतेचा मुद्दा. जो मतदार आज चार गटांच्या चार याद्या वाचून चार वेळा बटण दाबतो, त्याला एकाच यादीवर १, २, ३ असा पसंतीक्रम देता येणार नाही हे म्हणणे हास्यास्पद आहे. याच शहरातील पदवीधर आणि शिक्षक कोकण विभागाच्या विधान परिषद निवडणुकीत असा पसंतीक्रम देतातच. तेथे जागा एकच असल्याने निकाल प्रमाणशीर होत नाही, पण लिहिण्याची रीत हीच. पदवी नसलेल्या माणसाला तीनपर्यंत अंक लिहिता येत नाहीत, असे कोणाला म्हणावयाचे आहे काय?

आपली मागणी म्हणून साधी असावी. प्रभाग चार सदस्यांचा ठेवा. परंतु अ, ब, क, ड हे कप्पे काढा, सर्व उमेदवार एका यादीत आणा आणि प्रत्येक मतदाराला एकच संक्रमणीय मत द्या. चार जागांसाठी कोटा म्हणजे वैध मतांचा पाचवा हिस्सा अधिक एक. वरच्या उदाहरणातील २० हजार मतांत तो ४,००१ होतो. ९,००० वाला पक्ष दोन जागा घेईल, ६,००० वाला एक आणि ४,५०० वाला एक. जास्तीची मते पुढच्या पसंतीकडे जातील, तळच्या उमेदवाराची मतेही वाया न जाता पुढे सरकतील. आरक्षणाला यात बाधा येण्याचे कारण नाही. प्रभागात दोन महिला आणि एक अनुसूचित जातीचा वा इतर मागासवर्गीय प्रतिनिधी हवा असेल, तर मोजणीत त्या जागा भरण्याइतकेच स्थान उरले की अन्य उमेदवार बाद धरावेत, असा नियम करता येतो. आज राखीव जागेवर कोण बसणार हे प्रभागातील वरचढ गट ठरवतो. या पद्धतीत त्या समाजाच्या मतदारांनाही आपल्या मनातील माणूस निवडून आणण्याची संधी मिळते.

यासाठी संविधानात दुरुस्ती लागत नाही. २४३-आर हे कलम म्हणते की नगरपालिकेच्या जागा प्रभागांतून प्रत्यक्ष निवडणुकीने भराव्यात. मते कशी मोजावीत ते सांगत नाही. निवडणुकीविषयी कायदा करण्याचा अधिकार २४३-झेडए या कलमाने राज्य विधिमंडळाला दिला आहे. ज्या विधिमंडळाने वीस-बावीस वर्षांत प्रभागाची सदस्यसंख्या अर्धा डझन वेळा बदलली, त्याला एक दुरुस्ती आणखी करणे अशक्य नाही. अडचण कायद्याची नसून इच्छेची आहे.

या पद्धतीने सर्व रोग बरे होतील असा भ्रम मी पसरवू इच्छित नाही. चारसदस्यीय प्रभागात पाचवा हिस्सा मते मिळवावी लागतातच. पाच टक्क्यांच्या पक्षाला ती सहज साध्य नाहीत. पैशाचे बळ नाहीसे होणार नाही. २०१९ मध्ये नवी मुंबईत राष्ट्रवादी काँग्रेसचे बहुसंख्य नगरसेवक नेत्यामागोमाग भाजपमध्ये गेले. तशी घाऊक पक्षांतरे केवळ मोजणी बदलून थांबणार नाहीत. जातीचे गठ्ठे वाढतील ही भीतीही व्यक्त होते. पण जातीचा हिशेब आजच्या पद्धतीत काय कमी चालतो? ज्याला दुसऱ्या पसंतीची मते हवीत, त्याला निदान आपल्या गठ्ठ्याबाहेरच्या दारावर जाऊन हात जोडावे लागतात.

या शहराच्या बाबतीत हा प्रश्न केवळ न्यायाच्या तत्त्वाचा नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घेण्याचा बेत झाला, आणि तो ज्यांच्या जमिनीवर झाला त्यांच्या आवाजाला निर्णयाच्या टेबलाशी जागा नव्हती. महापालिका आली ती १९९२ मध्ये आणि तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये. मधल्या काळात, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील उरण-जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मरण पावले आणि त्यानंतर साडेबारा टक्के भूखंडाचे तत्त्व पुढे आले. सभागृहात ज्याला जागा मिळत नाही तो रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावरचा हिशेब रक्ताने चुकता होतो. गावठाणातील घरे, माथाड्यांच्या वसाहती, औद्योगिक पट्ट्यातील कंत्राटी कामगार, दिघ्याच्या झोपड्या यांचे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. ते मांडणारा माणूस सभागृहात नसेल तर ते नाहीसे होत नाहीत, केवळ ऐकू येईनासे होतात.

शेवटी आपल्याच घराकडे वळतो. डाव्या व समाजवादी पक्षांनी गेल्या कित्येक निवडणुकांत आपली सारी शक्ती मोठ्या पक्षांच्या दारात जागावाटपासाठी ताटकळण्यात घालविली. दोन जागा मागायच्या, एक पदरात पाडून घ्यायची, तीही पडणारी. हा अपमान व्यक्तींचा नसून पद्धतीने लादलेला आहे. आणि पद्धत बदलण्याची मागणी आपल्या जाहीरनाम्याच्या शेवटच्या पानावरही धडपणे सापडत नाही. श्रीलंकेतील डाव्या आघाडीला २०२० मध्ये संसदेत तीनच जागा होत्या. २०२४ मध्ये तिला १५९ मिळाल्या. पडत्या काळातही प्रमाणशीर पद्धतीने तिला सभागृहात तग धरू दिला, हे त्या यशाच्या कारणांपैकी एक आहे.

म्हणून माझी सूचना अशी की यापुढे कोणत्याही आघाडीशी बोलणी करताना एका जागेची अधिक मागणी करण्याऐवजी महापालिका कायद्यातील या दुरुस्तीचे लेखी आश्वासन आपण पहिली अट म्हणून ठेवावे. जिल्हा समित्यांनी आपापल्या शहरातील प्रत्येक प्रभागाची मते आणि जागा यांचा तक्ता तयार करून लोकांपुढे मांडावा. आकडे निवडणूक आयोगाकडे आहेत, मेहनत तेवढी आपली लागेल. आणि ज्या कामगार संघटना, सहकारी पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था आपल्या प्रभावाखाली आहेत, त्यांचे नियम जेथे अनुमती देतात तेथे कार्यकारिणीची निवडणूक याच एकल संक्रमणीय मताने घ्यावी. विरोधी गटाला आपल्या संघटनेत त्याच्या प्रमाणात जागा देण्याची तयारी आपण दाखविली, तरच शहराच्या सभागृहात आपल्या प्रमाणात जागा मागण्याचा अधिकार आपल्या तोंडी शोभेल.